जाफरीला पाठ नसावी

घराची दर्शनी बाजू आपण जितक्या आस्थेनें राखतों, तितकीच उपेक्षा परसदाराच्या वांट्यास येते. पुढें रांगोळी, कुंड्या, रंगविलेलें फाटक. आणि मागें वांकलेले खांब, गंजून लोंबणारी तारेची जाळी व तिच्या पायथ्याशीं फुटक्या कौलांचा ढीग. वस्तुतः कपडे वाळत घालणें, निवडणें-टिपणें, सायंकाळीं घटकाभर विसांवा घेणें हें सारें घडतें तें याच मागल्या बाजूस.

अशा कुंपणाचें रूप पालटण्यास दोन उपाय बहुधा सुचविले जातात: एक पक्की भिंत, आणि दुसरा जुन्या जाळीवर ठोकलेले रंगीत पत्रे. दोहोंनींही आडोसा होतो, हें खरें; परंतु वारा अडतो, ऊन अडतें, आणि पलीकडून येणारी वाटीभर आमटीही अडते. मुलें परगांवीं वा परदेशीं गेल्यामुळें ज्या घरांत केवळ वृद्ध माणसेंच मागें राहिलीं आहेत, तेथें तर शेजाऱ्याची नजर हीच मोठी राखण होय. एखाद्या दिवशीं सकाळीं आजी परसांत दिसल्या नाहींत, तर हांक मारणारें कोणी असावें. म्हणून आडोसा देऊनही नजर न तोडणारी लांकडी जाफरी हा मधला मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

मात्र जाफरी म्हणजे जुन्या कुंपणाच्या दोषांवर घालावयाचें पांघरूण नव्हे. आधीं प्रत्येक खांबाचें मूळ जमिनीलगत दाभणानें टोचून पाहावें. लांकूड बहुधा तेथेंच प्रथम कुजतें. कारण ओल आणि हवा हीं दोन्ही त्या ठिकाणीं एकत्र मिळतात. दाभण सहज आंत शिरलें, तर तो खांब काढून टाकावा. जाळी शाबूत असल्यास गुराढोरांसाठीं ती राहूं द्यावी. पण जाफरीचा भार तिच्यावर टाकूं नये. जाफरीस स्वतंत्र लोखंडी खांब द्यावे, आणि चौकट जमिनीपासून वीतभर वर ठेवावी. म्हणजे वाळवीनें मातीची वाट बांधलीच, तर ती वेळींच दृष्टीस पडेल.

लांकूड सागवानच घ्यावें. पण नुसत्या नांवावर भुलूं नये. सागाचा गाभा वाळवीस सहसा दाद देत नाहीं. सालीलगतचा फिकट भाग मात्र तिला लवकर बळी पडतो. जुने वाडे पाडतांना निघालेल्या तुळया व चौकटी जुन्या लांकडाच्या बाजारांत मिळतात, आणि तें लांकूड पुरतें वाळलेलें असतें. रंधा चालविण्यापूर्वीं त्यावरून लोहचुंबक अवश्य फिरवावा. आंत दडलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालविण्यास पुरेसा होतो.

आतां मापें. चौकटीची आंतली रुंदी ६६ इंच व उंची ४३½ इंच धरावी. चौकटीचें लांकूड २ इंच रुंद व १½ इंच जाड असावें. आंतील पट्ट्या दीड इंच रुंद व सहा सूत जाड घ्याव्या. आठ सुतांचा एक इंच होतो, हें आपल्या सुतारास सांगावयास नकोच. उभ्या १४ आणि आडव्या ९ पट्ट्या सारख्या अंतरानें बसविल्या, म्हणजे तीन-तीन इंचांचीं १५० चौकोनी घरें पडतात, आणि जवळजवळ निम्मी जागा मोकळी राहते. यास सुमारें १०० फूट पट्टी लागते; नासधुशीकरितां आणखी १० फूट घ्यावी.

खरी गोष्ट आहे ती पट्ट्या जोडण्याच्या रीतीची. पुष्कळदां उभ्या पट्ट्यांवर आडव्या पट्ट्या ठेवून वरून खिळे मारतात. काम झटपट उरकतें. परंतु पुढून नीटस दिसणाऱ्या त्या जाफरीला मागून उसनवारीचें रूप येतें, आणि तें रूप शेजाऱ्यानें वर्षानुवर्षें पाहत राहावयाचें! त्याऐवजीं जेथें जेथें दोन पट्ट्या एकमेकींस छेदतात, तेथें दोहोंना तीन-तीन सुतांची खाच पाडून त्या एकमेकींत बसवाव्या. सांधे १२६ होतात व खाचा २५२. हा आंकडा पाहून घाबरूं नये. सर्व उभ्या पट्ट्या शेजारीं शेजारीं ठेवून घट्ट आवळाव्या, गुण्या लावून एकदांच रेघा ओढाव्या, आणि करवत सर्वांवरून एकदम चालवावी. मधला भाग पटाशीनें काढावा. आडव्या पट्ट्यांची रीतही तीच. अशा जाफरीला पुढची बाजू आणि पाठ हा भेदच उरत नाहीं. अहमदाबादेस सिदी सय्यदच्या मशिदींत १५७२-७३ सालची दगडी जाळी आहे. ती आंतून पाहावी कीं बाहेरून, असा प्रश्न कोणास पडत नाहीं. आपली जाफरी साधी खरी, पण तिनें हा एक गुण घ्यावा.

हें काम हिवाळ्यांत वा उन्हाळ्याच्या आरंभीं करावें. पावसाळ्यांत लांकूड रुंदीच्या अंगानें फुगतें, लांबींत जवळजवळ नाहींच. म्हणून खाचांत पोस्टकार्डाच्या जाडीइतकी सैल जागा ठेवावी, व पट्ट्यांचीं टोकें चौकटीच्या खोबणींत सरस न लावतां बसवावीं. जोडणी करण्यापूर्वीं खाचांच्या आंतल्या अंगासही उकळलेलें अळशीचें तेल पाजावें. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊं शकतात. ते पसरून वाळवावे, किंवा पाण्यांत बुडवून ठेवावे.

वेल चढवावयाचा असल्यास गोकर्णासारखा हलका चढवावा. मधुमालतीचा भार आणि तिच्याखालीं कोंडणारी ओल नाजूक पट्ट्यांना सोसत नाहीं.

शेवटीं एक सूचना. खांब रोवण्यापूर्वीं एकवार शेजाऱ्यांकडे जाऊन यावें. हद्दीची रेघ दोघांनीं मिळून पाहावी, त्यांच्या तुळशीचें ऊन अडत नाहीं ना हें विचारावें, आणि उंचीविषयीं नगरपालिकेचा नियम काय आहे याची चौकशी करावी. जाफरी आपल्या खर्चानें उभी राहील. परंतु कुंपण दोन्ही घरांचें असतें.