काळा घोडा, दगडी हत्ती आणि बन-मस्का

आम्हां इंदूरकरांची मुंबईस जाण्याची कारणे ठरलेली : लग्न, मुंज, नाही तर डॉक्टर. गेल्या महिन्यात आम्ही उभयता निघालो ते तिसऱ्या कारणाने, आणि सोबत होत्या आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्या. त्यांना काचबिंदू आहे. इंदूरच्या डॉक्टरांचे निदान मान्य होते, तरी एकदा मुंबईचे मत घ्यावे असे घरात ठरले. ‘अवंतिका’ने सोमवारी सकाळी मुंबई सेंट्रलला उतरलो आणि अकराच्या आत ते मत मिळालेही. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळावयाची, म्हणजे इंदूरचेच उत्तर. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. मध्ये राहिला दीड दिवस.

“मग आता मुंबई दाखवा,” आत्या म्हणाल्या.

हे ऐकून आम्ही जरा अवघडलो, कारण या रोगात नजरेच्या कडा आधी जातात. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. एखाद्या नळीतून पाहावे तसे. घारापुरीचा बेत सुचला तसाच मावळला. लेणी सोमवारी बंद असतात आणि पायऱ्याही शंभरावर. आत्यांचे गुडघे डोळ्यांहून जुने! तेव्हा टॅक्सी करून कोटात गेलो.

आत्यांचे माहेर गिरगावचे. त्या १९६६ साली लग्न होऊन इंदुरास आल्या. त्यामुळे त्यांच्या मनातली मुंबई ट्रामच्या खडखडाटाची, आणि ट्राम तर १९६४ सालीच बंद झाली. काळ्या घोड्यापाशी उतरलो, तेथे घोडा होता. आत्यांनी मान हळूहळू फिरवीत तो शेपटीपासून कानापर्यंत पाहिला आणि ठामपणे म्हणाल्या, “हा तो नव्हे. त्याच्या पाठीवर राजा होता.”

डोळे गेले म्हणणाऱ्यांनी हे ऐकावयास हवे होते. आत्यांचे म्हणणे अगदी खरे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, अश्वारूढ पुतळा १८७९ साली येथे उभारला गेला. १९६५ साली तो हलवून राणीच्या बागेत नेला. जागा रिकामी झाली, नाव मात्र तेथेच राहिले. आज दिसतो तो स्वाराविना असलेला नवा घोडा २०१७ सालचा. “मग त्याला भेटायला हवे,” आत्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम असा आपोआप ठरला.

संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, रस्त्याच्या पलीकडे, बराच वेळ उभे राहिलो. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाची ही इमारत. समोरचे महापालिकेचे भवनही त्याचेच, १८९३ सालचे. दिवे लागले तशी आत्यांची नजर घुमटावर स्थिरावली. अशा डोळ्यांना लांबचे, मोठे आणि उजळलेले बरे पडते, हे आम्हांस तेथे उमगले. घरात कोणास हा त्रास असेल, तर वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मंगळवारी भायखळ्यास गेलो. (बुधवारी बाग बंद असते, त्या दिवशी जाऊ नये.) तिचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, टॅक्सीवाल्याला मात्र ‘राणीची बाग’च कळते. आत शिरताच १८७२ साली उघडलेले वस्तुसंग्रहालय लागते. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. भाऊ दाजी मूळचे गोमंतकातील मांद्र्याचे. आमच्या गोव्याच्या वाचकांनी यावर हक्काने मान ताठ करावी.

आवारात दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीस जाऊ शकलो नाही, तर घारापुरीच आमच्यासाठी येथे येऊन थांबलेली! पोर्तुगीजांनी बंदरावर हा हत्ती पाहिला आणि बेटाचे नाव ‘एलिफंटा’ ठेवले. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेस नेण्यासाठी उचलावयास घेतला. तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईत आले आणि पुढे कित्येक वर्षांनी सांधले गेले. आत्या सोंडेपासून सुरू झाल्या. मग पाय, मग पोट. “सांधे दिसतात रे याचे,” म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने हसून, “गोष्टीतल्या आंधळ्यांसारखे चालले आहे माझे. फक्त सगळे आंधळे मी एकटीच.” आम्हांस हसावे की नाही ते कळेना. सौभाग्यवती मात्र मोकळेपणाने हसली, आणि तेच बरोबर होते.

राजा घोड्यावर बसलेला होताच. आत्यांनी त्यास ओळखले, “बारीक झालाय” असा शेरा मारला आणि सांगितले, “आता भूक लागली.”

दुपारी गिरगावात थालीपीठ, कोथिंबीरवडी आणि पीयूष झाले. आमच्या इंदुरी जिभेने पोह्यांवर शेव-जिरावण नाही म्हणून कुरकूर केली, तिकडे कोणी लक्ष दिले नाही. आत्यांची चाळ जेथे होती तेथे आता उंच इमारत आहे. तेथे आम्ही फार थांबलो नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. गाडीस वेळ होता म्हणून धोबी तलावाशी १९०४ पासून चालू असलेल्या कयानीत शिरलो. आत्या उंबऱ्यातच थबकल्या. त्यांच्या लहानपणी मुलींनी इराण्याकडे पाऊल टाकावयाचे नसे. त्यांचे दादा, म्हणजे आमचे वडील, चोरून जात. “सदऱ्याला ऑम्लेटचा वास यायचा. मी आईला कधी सांगितले नाही,” आत्या म्हणाल्या. वडिलांनी आम्हांस जन्मभर अंड्याच्या नावाने धाकात ठेवले होते!

आत्यांनी बन-मस्का चहात बुडवून सावकाश खाल्ला. बिल बटव्यातून स्वतः चुकते केले. निघताना काचेपलीकडचे मावा केक त्यांना समोरच, अगदी नळीच्या मध्यभागी दिसले. चार बांधून घेण्यास सांगितले. आमच्या चेहऱ्यावरची चलबिचल बहुधा त्यांना दिसली असावी.

“यात काय असते ते सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “गाडीत खाऊ.”