वैराचे खाते

फ्रान्सच्या बहुतेक राजांचा राज्याभिषेक पाहिलेले रेंस शहरातील कॅथेड्रल १९१४ मध्ये जर्मन तोफगोळ्यांनी पेटले. ७ मे १९४५ रोजी त्याच शहरातील एका शाळेच्या इमारतीत जर्मनीच्या प्रतिनिधीने शरणागतीपत्रावर सही केली. १९६२ मध्ये द गॉल आणि जर्मन चॅन्सलर आडेनाउअर त्या कॅथेड्रलमध्ये एकत्र प्रार्थनेस बसले. १९६३ च्या करारानंतर उभय देशांनी युवकांच्या देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र संस्था उभारली.

अशा देवाणघेवाणीत जर्मन विद्यार्थी फ्रेंच सोबत्याच्या घरी राहतो, त्याच्या वर्गात बसतो. पुढे तो सोबती त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. मोठे कर्ज एका दमात फिटत नाही, हप्ते भरावे लागतात. वैराचेही तसेच. करारावरील सही हा पहिला हप्ता. उरलेले हप्ते मुले एकमेकांच्या घरी जेवायला बसून फेडतात.