उचल, कोयता आणि करार

दिवाळी सरली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठ गजबजू लागतो. कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांत रस्त्याच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर, जालना येथून, तसेच आपल्याच जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेली कुटुंबे पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ही माणसे कोणत्या करारावर येथे आली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ऊसतोड मजूर हा साखर कारखान्याचा नोकर नव्हे. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते. त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. तो टनावर काम करतो, हंगामापुरते करतो आणि पुढील वर्षी दुसऱ्या मुकादमाकडे जाण्यास कागदोपत्री मोकळा असतो. शहरात असे काम करणाऱ्या छायाचित्रकाराला किंवा संगणक-तंत्रज्ञाला आपण 'फ्रीलान्सर' म्हणतो. मग वाटाघाटीचे जे स्वातंत्र्य त्या शब्दात गृहीत धरलेले आहे, ते कोयता हाती घेणाऱ्याला आहे काय?

एका बाबतीत ते काही अंशी आहे. तोडणीचा दर राज्य पातळीवर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील बोलण्यांतून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या तीन वर्षांच्या करारात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि टनामागे २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांवर गेला. संघटित होऊन बोलणी केल्याचे हे फळ आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो. या जोडप्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर ७३२ रुपये होतात. ते एका माणसाचे नव्हेत, दोघांचे. पत्नीचा हिशेब वेगळा लिहिला जात नाही आणि बहुधा रक्कमही तिच्या हाती पडत नाही.

खरी अडचण दराच्या पलीकडे आहे. मजुराचा प्रत्यक्ष सौदा नोव्हेंबरात, ऊस तोडणीला आलेला असताना होत नाही. तो पावसाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन पावसाळ्यात होतो. त्या वेळी घरातील धान्य संपत आलेले असते, मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, कोणाचे आजारपण वा लग्न उभे असते. मुकादम तेव्हा 'उचल' देतो. फ्रीलान्सर कामाआधी जी आगाऊ रक्कम मागतो, ती त्याचे रक्षण करते, कारण गिऱ्हाईकाने पुढे टाळाटाळ केली तरी तेवढी त्याच्या हाती राहते. फडातील आगाऊ रक्कम मात्र काम करणाऱ्यालाच बांधून टाकते. पैसे एकच, एकाने ते नकार देण्याची ताकद असताना घेतले, दुसऱ्याने ती ताकद संपल्यावर.

उचल फिटेपर्यंत मजूर फड सोडू शकत नाही. एक दिवस आजारपणात गेला तर 'खाडा' लावून रक्कम कापली जाते. हंगामाअखेरीस हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि बाकी उरली तर ती पुढील वर्षावर जाते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचा तपशील समोर आणला. त्यांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढण्यात आली होती. यामागे अनेक कारणे असतील. परंतु विश्रांतीचा दिवस दंडास पात्र ठरविणारा करार हे त्यांतील एक आहे, हे नाकारता येणार नाही.

या साखळीत भरडला जाणारा आणखी एक माणूस आपल्या गावांतला आहे. तो म्हणजे ट्रॅक्टरमालक वाहतूकदार. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला हा तरुण कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा लेखी करार करतो, आगाऊ रक्कम आपल्या जबाबदारीवर उचलतो आणि ती टोळी आणण्यासाठी मुकादमाला देतो. टोळी आली नाही, तर कारखान्याचे देणे त्याच्याच माथी बसते. अशा फसवणुकीच्या तक्रारी सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांत वारंवार झाल्या आहेत. फसलेला वाहतूकदार मग मजुराच्या दारी वसुलीला जातो आणि एका गरजवंताची गाठ दुसऱ्या गरजवंताशी पडते. कागद वरच्या पायरीवर असतो; जसजसे खाली यावे तसतसा तो विरळ होत जातो आणि शेवटच्या पायरीवर केवळ तोंडचा शब्द उरतो.

कायदा याबाबत मुका नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ नुसार उचलीच्या बदल्यात नाममात्र मजुरीवर राबविणे किंवा अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्य हिरावणे ही वेठबिगारीच होय. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले की, भूक आणि दारिद्र्य यांची सक्ती हीदेखील सक्तीच आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हेच नैतिक भाषेत मांडले होते. उभयतांनी संमती दिली एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही. कामगाराचा निर्वाह हा कराराहूनही जुना न्याय आहे.

म्हणून यापुढील बोलण्यांत केवळ टनाचा दर पुरेसा नाही. उचलीची रक्कम बँक खात्यात आणि पावतीवर दिली जावी. पती आणि पत्नी यांची नावे व मजुरी स्वतंत्र लिहावी. आजारपणाचा खाडा रद्द व्हावा. हिशेबाची प्रत दर पंधरवड्यास मजुराच्या हाती पडावी. कारखाना, वाहतूकदार, मुकादम आणि मजूर या चौघांची नावे एकाच कागदावर यावीत, म्हणजे जोखीमही एकाच्याच डोक्यावर राहणार नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या नोंदणीला अशा कागदाची जोड मिळाली, तर ओळखपत्राला अर्थ येईल.

आपल्यापैकी अनेकजण ऊस उत्पादक आहेत, कारखान्याचे सभासद आहेत, काहींच्या घरी ट्रॅक्टर आहे. वार्षिक सभेत आपण उसाच्या भावावर हिरिरीने बोलतो. त्याच सभेत तोडणी कराराचा नमुना वाचून दाखविण्याची मागणी करणे आपल्या अधिकारात आहे. ज्यांना लिहितावाचता येते, त्यांनी फडावर जाऊन एखाद्या कुटुंबाचा उचलीचा हिशेब वहीत उतरवून द्यावा. हंगाम संपून गाड्या परत फिरतील, तेव्हा त्या कुटुंबाच्या हाती निदान आपला हिशेब लिहिलेला एक कागद असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.