मागे सरायला जागा नसेल, तर आत या

मुंबईत फोटोवॉकला गेलात की पहिला धडा ठरलेला असतो. कॅमेरा वर कलवू नका, इमारत मागे पडल्यासारखी दिसते. मागे सरा आणि कॅमेरा सरळ धरा. ओव्हल मैदानात हे जमते. एका बाजूला १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग, आणि मागे सरायला अख्खे मैदान. २०१८ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा ठरवले, ते योग्यच.

दुसरा धडा: वायरी, पाट्या, माणसे फ्रेमबाहेर ठेवा. हे दोन्ही धडे घेऊन आम्ही काही जण पेण-रोह्याच्या गल्ल्यांत उतरलो आणि फसलो.

इथे दोन पावले मागे सरले की पाठ समोरच्या घराला टेकते. मग काय करायचे? दाराची कडी, कौलावरचे शेवाळ, खिडकीचे गज टिपायचे आणि त्याला 'हेरिटेज' म्हणायचे. पण घराचे शहाणपण कडीत नसते. वळचण एवढी पुढे का, तर तिरपा पाऊस भिंतीला लागू नये म्हणून. पेणमधल्या कित्येक ओट्या-पडव्या म्हणजे गणपतीचे कारखाने. तिथली माणसे आणि मूर्ती वाळवायच्या फळ्या वगळल्या, तर उरले काय?

कोणी म्हणेल, लोकांच्या घरात शिरणे हा आगाऊपणा. न विचारता दारावर कॅमेरा रोखणे त्याहून मोठा आगाऊपणा आहे. "काकू, आत येऊ का?" असे विचारावे. नको म्हणाल्या तर पुढे जावे.

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. रोह्यातल्या साध्या कौलारू घराची पाठराखण कोण करणार? वाटण्या होतात, तुळईला वाळवी लागते, बिल्डर येतो. घर गेल्यावर उरतो आपला कडीचा फोटो. माजघरात उजेड कुठून यायचा, हे त्यावरून कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून वॉक घेणाऱ्यांनी चालणे कमी करावे. दोन तासांत वीस घरे नकोत, एकच घ्या. ओटीपासून परसापर्यंत, खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, तुळईच्या सांध्याशी मोजपट्टी धरून फोटो काढा. तारीख लिहा. आणि एक संच घरमालकाला द्या. घर त्यांचे आहे.