माणूस काढला, मग दर का उतरला नाही?



शहरात सध्या एक ओरड चालू आहे. कंपन्या माणसे काढून त्यांच्या जागी संगणकाची अक्कल बसवत आहेत. तिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. आपली पोरे नुसते 'एआय' म्हणतात. फोन उचलणारा, पत्राला उत्तर देणारा, मजकूर लिहिणारा, भाषांतर करणारा, संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा, अशा सगळ्यांच्या पोटावर पाय येतो आहे. म्हणून अग्रलेख येतात, टीव्हीवर तज्ज्ञ बसतात. आमच्यातले काही जण पारावर हे ऐकून हसतात. "बरे झाले, पंख्याखाली बसून पगार घेणाऱ्यांना आता कळेल," म्हणतात. त्यांचा राग आम्हाला कळतो. पण हसून आपल्या पदरात काही पडणार नाही, आणि शहराच्या सुरात सूर मिसळून रडण्यानेही नाही. बाजारात पट्टी हातात आली की आपण तोलाई-हमाली वजा करून ती तपासतो. तसा याचाही हिशेब मांडून पाहू.

स्वीडनमध्ये क्लार्ना नावाची कंपनी आहे. 'आज माल घ्या, पैसे नंतर द्या' हा तिचा धंदा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने मोठ्या डौलाने जाहीर केले की आमच्या यंत्राने एका महिन्यात गिऱ्हाइकांशी २३ लाख संभाषणे केली, ७०० माणसांचे काम उरकले, आणि त्यामुळे वर्षाचा नफा ४ कोटी डॉलरने वाढेल. जगभरच्या कंपनीवाल्यांना मोठा हुरूप आला. सव्वा वर्ष झाले नाही तोच, मे २०२५ मध्ये, त्याच कंपनीचे प्रमुख सेबास्टियन सिमियात्कोव्स्की सांगू लागले की खर्च वाचवण्याच्या नादात कामाचा दर्जा घसरला, गिऱ्हाइकाला माणसाशी बोलायचे असेल तर माणूस मिळालाच पाहिजे, आम्ही पुन्हा माणसे घेतो आहोत.

वर्तमानपत्रांनी छापले की माणूस जिंकला. पण माणसे परत घ्यायची ती कशी, हे वाचा. घरी बसून, लागेल तेव्हा, लागेल तितका वेळ, टॅक्सीवाल्यांना मोबाईलवर भाडे मिळते त्या धर्तीवर. कोण? विद्यार्थी आणि खेड्यापाड्यांत राहणारे लोक. म्हणजे सालगडी काढायचा, आणि निंदणीच्या दिवसांत त्यालाच रोजाने हाक मारायची. आपल्या गावात हे कुणी केले तर त्याला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. तिकडे त्याला नवा प्रयोग म्हणतात.

ऑस्ट्रेलियातली कॉमनवेल्थ बँक घ्या. जुलै २०२५ मध्ये तिने फोनवर बोलणारे यंत्र बसवले आणि ४५ जागा रद्द केल्या. कारण दिले की यंत्रामुळे आठवड्याला २,००० फोन कमी झाले. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या युनियनने छाती पिटली नाही. फोन मोजले. तेव्हा निघाले ते उलटेच. फोन वाढत होते, उरलेल्यांना जादा वेळ थांबवत होते, वरच्या पदांवरची माणसे स्वतः फोनला बसत होती. प्रकरण निवाड्याला गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेने माफी मागितली आणि जागा रद्द करण्याचा निर्णय मागे घेतला. भावांनो, ४५ हा आकडा लहान आहे. आपल्या एका ग्रामपंचायतीच्या रोजगार हमीच्या कामावर याहून जास्त माणसे असतात. पण बँकेचे कारणच खोटे ठरले, हे महत्त्वाचे आहे. सगळीकडे 'एआय आले, नाइलाज आहे' असे सांगितले जाते. हा नाइलाज तपासला की किती टिकतो ते या एका प्रकरणात दिसले.

आपल्याकडचेही सांगतो. बंगळूरच्या दुकान या कंपनीचे प्रमुख सुमित शाह यांनी जुलै २०२३ मध्ये स्वतःच जाहीर केले की गिऱ्हाइकांना उत्तरे देणाऱ्या विभागातली ९० टक्के माणसे काढली. प्रश्न सुटायला २ तास १३ मिनिटे लागत, यंत्राला ३ मिनिटे १२ सेकंद लागतात. खर्च ८५ टक्क्यांनी कमी झाला. लोक भडकले, आणि ते माणसे काढली म्हणून तितके नाही, जितके ती काढल्याचा आनंद चव्हाट्यावर मांडला म्हणून. परभाषा शिकवणारी अमेरिकेतली ड्युओलिंगो ही कंपनी. तिने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले की यंत्राला जमेल ते काम कंत्राटी माणसांना देणे हळूहळू बंद करायचे. वर्षानुवर्षे एक दिवस न चुकवता धडे गिरवणाऱ्या गिऱ्हाइकांनी रागाने तिचे ॲप काढून टाकले. प्रमुखांना खुलासे करावे लागले.

हा राग खरा आहे. पण नुसत्या रागाने कुणाची चूल पेटत नाही.

आता या यंत्राला अक्कल आली कुठून ते पाहा. ते आकाशातून पडले नाही. माणसांनी लिहिलेली पुस्तके, बातम्या, पत्रे, दिलेली उत्तरे याच्या राशी त्याला खाऊ घातल्या, तेव्हा ते बोलू लागले. फोनवर बोलणारी पोरगी पाच वर्षे गिऱ्हाइकाची समजूत काढते, तिचा शब्द न् शब्द नोंदला जातो, त्यावर यंत्र शिकते, आणि सहाव्या वर्षी तिला सांगतात, बाई, तुझे काम संपले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. त्यातही लाकूड आपलेच आणि दांडा तासण्याची मजुरीही मिळालेली नाही. आपल्याला यात नवल वाटू नये. बियाणे निवडणे, जपणे, पेरून पारखणे हे काम आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्पिढ्या केले. आज पाकिटावर नाव कुणाचे असते आणि पैसे कोण मोजतो?

अमेरिकेतल्या सिनेमा-टीव्हीच्या लेखकांनी हे वेळीच ओळखले. २ मे २०२३ ला त्यांनी संप सुरू केला तो १४८ दिवस चालवला. ११ हजारांवर माणसे, आणि मागणी नेमकी: यंत्राला लेखक म्हणून नाव लावायचे नाही, लेखकावर यंत्राची सक्ती करायची नाही, यंत्राने लिहिलेले पान लेखकाच्या हाती देताना तसे सांगायचे. हे पदरात पाडूनच ते कामावर गेले. यंत्र मोडा असे ते म्हणाले नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कारण आम्हीही यंत्र मोडणारे नाही. मळणी यंत्र आले तेव्हा खळे गेले, तिवडा गेला, बैलांची पात गेली. ज्वारी रास व्हायला आठवडे लागत ते काम काही तासांवर आले. आम्ही त्याला दगड मारले नाहीत. उन्हात कंबर मोडून वेचणी करणाऱ्या बाईला उद्या कुणी हलके, स्वस्त, आपल्या कोरडवाहू तुकड्यात चालणारे वेचणी यंत्र दिले तर ओवाळून घेऊ. पण मळणी यंत्राने वाचलेला वेळ आणि वाचलेले दाणे निदान आपल्या घरी तरी राहिले. या नव्या यंत्राने वाचलेले पैसे कुठे गेले? माणसे काढून खर्च ८५ टक्क्यांनी उतरतो म्हणतात, तर माल किती टक्क्यांनी उतरला? फोनवर माणूस येत नाही, रेकॉर्ड केलेला आवाजच येतो, असे होऊन वर्षे झाली. आणि जुलै २०२४ मध्ये आपल्या देशातल्या मोठ्या मोबाईल कंपन्यांनी रिचार्ज महागच केले. कापसाचा भाव पडतो तेव्हा सदऱ्याचा भाव पडलेला कुणी पाहिला आहे का? तीच ही चाल.

निमित्त सांगण्याची रीतही जुनीच. आपल्याला सांगतात, जागतिक बाजार पडला, कुणाचा इलाज नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, आपली बोंडे फुटायच्या आधी, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारनेच उठवले, पुढे त्याची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तो निर्णय बाजाराने घेतला नव्हता, सही करणाऱ्या हाताने घेतला होता. टाटा कन्सल्टन्सीने जुलै २०२५ मध्ये १२ हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. सगळे म्हणाले एआय. कंपनीचे प्रमुख म्हणाले, एआय नव्हे, कौशल्याचा मेळ बसत नाही. एक जण यंत्रावर ढकलतो, दुसरा कामगाराच्या अकलेवर. मालकाच्या निर्णयावर कुणी बोट ठेवत नाही.

कौशल्यावरून आठवले. तीस-चाळीस वर्षे आम्हाला काय सल्ला मिळाला? शेती परवडत नाही? जोडधंदा करा. कोंबड्या पाळा, शेळ्या पाळा, आळिंबी लावा, कौशल्य शिका. भाव द्या म्हटले की प्रशिक्षण देत. आता तेच सल्लागार पुण्याच्या पोरांना सांगतात, नवे कौशल्य शिका. आमच्या शेळ्यांचे काय झाले ते त्या पोरांनी येऊन पाहावे.

हो, शहराला आम्ही एक खडा सवाल विचारणार. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांतले अडीच लाखांच्या घरातले कामगार संपावर गेले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. आमचाच कापूस त्या गिरण्यांत जात होता. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले तेव्हा आज अग्रलेख लिहिणारा वर्ग तिथे खरेदीला गेला. आमच्या भागात गळफासांची मालिका लागली तेव्हा 'उत्पादकता वाढवा' म्हणाला. दुसऱ्याचे काम गेले की प्रगती, आपले गेले की संकट!

असे असूनही आम्ही हसत नाही. कारण हिंजवडी-खराडीत रात्रपाळीला बसलेली ती पोरे कुणाची आहेत? बीडची, परभणीची, यवतमाळची, बुलढाण्याची. बापाने दोन एकर विकून इंजिनिअरिंगची फी भरली ती त्यांचीच. घरी बँकेचा हप्ता जातो तो त्यांच्या पगारातून, बहिणीचे लग्न होते ते त्यांच्या पगारातून, आणि पेरणीला बियाणे येते तेही अनेक घरांत त्यांच्याच पगारातून. ते काम गेले तर पोरगा परत येणार, आणि परत यायला जमीन उरली किती? तीन भावांत पाच एकर, विहिरीला पाणी जानेवारीपर्यंत. नोकरी त्याची जाईल आणि पेरणी आपली बुडेल.

आणि ते यंत्र आपल्याही दारात आलेच आहे. जानेवारी २००४ पासून किसान कॉल सेंटरला फोन केला की कृषी पदवीधर पोरगा किंवा पोरगी आपल्या भाषेत उत्तर देते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने सन्मान निधीच्या शंकांसाठी बोलणारे यंत्र आणले. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतीतल्या एआयसाठी धोरण मंजूर केले, ५०० कोटींचे. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस द्यायलाही आधी मोबाईलवर नोंद करावी लागली. बोंडअळीची ओळख यंत्राने रात्री बारा वाजता मराठीत सांगितली तर उत्तमच. आम्ही फुकट ऐकू. पण पैशाचा प्रश्न आला की काय होते ते पीक विम्यात भोगून झाले आहे. पावसाने शेत वाहून गेले की ७२ तासांत कळवा असा नियम होता, आणि फोनमधला आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणत राहायचा. माणूस असता तर त्याला नाव विचारता आले असते, तालुक्याला जाऊन त्याच्या टेबलासमोर बसता आले असते. यंत्राला घेराव घालता येत नाही, हीच त्यातली खरी सोय आहे. ती आपली नव्हे.

म्हणून जिल्हा मेळाव्यात आम्ही ठराव मांडणार आहोत. कर्ज, विमा, खरेदी, अनुदान यांतला कुठलाही 'नाही' नुसत्या यंत्राचा चालणार नाही. त्याखाली माणसाचे नाव, हुद्दा आणि सही हवी, आणि कारण मराठीत हवे. शेतीच्या सल्ल्याचे यंत्र आणायचे तर फोनवर बसलेल्या कृषी पदवीधरांना काढून नव्हे, त्यांच्या हाताखाली द्या. आपल्या शेताची, पिकाची, मातीची माहिती ज्या यंत्राला शिकवायला घ्याल त्याचा मोबदला आधी ठरवा. पुण्यातली आपली पोरे आपल्या संघटना करू लागली आहेत, कामगार खात्याकडे तक्रारी घेऊन गेली आहेत. त्यांचे दोन प्रतिनिधी मेळाव्यात बोलतील अशी व्यवस्था करावी, आणि गावोगावी ज्यांची मुले या कामात आहेत त्यांनी त्यांना निरोप द्यावा.

एक काम मात्र आजपासून. विमा, बँक किंवा खरेदीच्या कामासाठी फोन लावाल तेव्हा वहीत टिपून ठेवा: तारीख, किती वाजता लावला, किती मिनिटे थांबलात, माणूस भेटला की नाही, उत्तर काय मिळाले. त्या ऑस्ट्रेलियाच्या युनियनने फोन मोजले म्हणून बँकेला बोलता आले नाही. प्रत्येक गावातून निदान दहा वह्या मेळाव्याला आल्या पाहिजेत. गावशाखेने त्या गोळा करून तालुकाप्रमुखांकडे आठ दिवस आधी द्याव्यात.