पाण्यापुढे आगीचा डाव

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी धाकट्याने ईदीचे सगळे पैसे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "अम्मी, मला मोठा चारिझार्ड मागवून दे." सहावीतले पोर. ईदीतून बॅट-बॉल मागेल असे वाटले होते. कारण विचारले तर डोळे भरून आले. ईदसाठी पुण्याहून मुरुमला आलेला चुलतभाऊ दोन दिवसांत सलग सात डाव जिंकला होता, आणि दर डावाला याचे एक पान घेऊन गेला होता.

पहिले काम मी ती सातही पाने परत करवण्याचे केले. हरणाऱ्याचे पान जिंकणाऱ्याने घ्यायचे, म्हणजे जुगारच झाला. सौदी अरेबियातल्या उलेमांनी २००१ मध्ये या खेळाविरुद्ध फतवा दिला, त्यातही जुगाराशी साम्य हे एक कारण होते. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आमच्या घरात नियम ठरला: पैसा नाही, पान नाही, नुसता डाव. तोही नमाज आणि अभ्यास सांभाळून.

मग मी दोघांना म्हटले, "आता मला शिकवा."

हा पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झाला. प्रत्येकाने आपल्या संग्रहातून ६० पानांची गड्डी बांधायची. मुले तिला डेक म्हणतात. एका नावाची चारच पाने चालतात, फक्त साध्या एनर्जीच्या पानांना ही मर्यादा नाही. पोकेमॉनला एनर्जीची पाने जोडली की तो हल्ला करतो. समोरचा साधा पोकेमॉन बाद केला की एक बक्षिसाचे पान उचलायचे, 'ईएक्स' लिहिलेला बलाढ्य पोकेमॉन बाद केला तर दोन. सहाही बक्षिसे ज्याने आधी उचलली तो जिंकला.

प्रत्येक पोकेमॉनचा एक प्रकार असतो: आग, पाणी, गवत, वीज वगैरे. पानाच्या तळाशी त्याची कमजोरी छापलेली असते. आगीच्या बहुतेक पोकेमॉनची कमजोरी पाणी. समजा पाण्याच्या पोकेमॉनने ६० चा मार दिला, तर आगवाल्याला तो दुप्पट, म्हणजे १२० लागतो. आमच्या धाकट्याची गड्डी सगळी आगीची, भावाची पाण्याची.

"मग मोठा चारिझार्ड कशाला? त्याची कमजोरी कुठली?" मी विचारले.

त्याने पान फोटोत पाहिले. "पाणीच." थोडा वेळ गप्प राहिला आणि ईदी उचलून खिशात घातली.

उर्दू शिकवणारीला इथे गंजिफा आठवला नाही तरच नवल. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीत ही पाने आजही हाताने रंगवतात. मुघल गंजिफ्यात ८ रंग, ९६ पाने. चार रंग 'बेशबर', त्यांत बादशहा आणि वजिरानंतर दश्शी मोठी. उरलेले चार 'कमबर', त्यांत वजिरानंतर एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत लहान. म्हणजे जे पान एका रंगात दुबळे, तेच दुसऱ्या रंगात जोरदार. आमच्या आगीचेही तसेच. पाण्यापुढे ती विझते, पण गवताच्या बहुतेक पोकेमॉनची कमजोरी आगच. शेजारच्या मुलाची गवताची गड्डी धाकटा नेहमी हरवतो. एका भावासाठी सगळी गड्डी मोडायची कशाला?

तरी त्याने पहिला उपाय तोच केला. पाण्याच्या बहुतेक पोकेमॉनची कमजोरी वीज, म्हणून त्याने पिकाचू घातले, आगीच्या १२ एनर्जींपैकी ४ काढल्या आणि ४ विजेच्या घातल्या. पुढचे दोन्ही डाव वाईट हरला. कधी हातात पिकाचू आणि आगीची एनर्जी, कधी उलटे. मी त्याला म्हटले, वीस वेळा गड्डी पिसून पहिली सात पाने उचल आणि लिहून ठेव. विजेची एनर्जी नऊच वेळा आली. शाळा उघडल्यावर आमच्या गणिताच्या सरांनी हिशेब मांडून दिला. ६० पानांत ४ विजेची असतील, तर पहिल्या सात पानांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. आगीची १२ असताना तीच शक्यता ८१ टक्के होती, ८ केल्यावर ६५ वर आली. पाण्यावरचा उपाय धड हाती लागला नाही, आणि आग मात्र मंदावली.

मग तिघांनी बसून नीट विचार केला. कमजोरीने नेमके काय नुकसान होते? १२० जीव असलेला पोकेमॉन ६० च्या दोन घावांत पडायचा, तो एकाच घावात पडतो. म्हणजे आपली एक पाळी जाते. कमजोरी पुसता येत नसेल, तर ती गेलेली पाळी दुसरीकडून मिळवायची.

आगीच्या १२ एनर्जी पुन्हा जागेवर आल्या. पिकाचूच्या जागी असे पोकेमॉन घातले, ज्यांची कमजोरी पाणी नाही आणि ज्यांच्या हल्ल्याला कुठल्याही रंगाची एनर्जी चालते. आगीच्या एनर्जीवर तेही लढतात. पाण्यापुढे हेच साधे पोकेमॉन आधी उभे करायचे. ते पडले तरी भावाला एकेकच बक्षीस. फक्त ईएक्सच पुढे केले, तर तीन पडताच डाव संपतो. मागच्या बाकावर बसलेल्या पोकेमॉनला कमजोरी लागू होत नाही, म्हणून चारिझार्ड तोवर तिथे तयार होऊ द्यायचा. नको त्या वेळी पुढे अडकलाच, तर त्याला मागे घेणारे 'स्विच'चे पान ठेवायचे. आणि 'बॉसेस ऑर्डर्स'च्या पानाने भावाच्या बाकावरचा, अजून एनर्जी न जोडलेला पोकेमॉन पुढे ओढून आधी बाद करायचा. नवे पान एकही विकत आणले नाही. भावानेच आपल्या जादा पानांतून तीन-चार दिली.

पुढच्या सुट्टीत भाऊ परत आला. पाच डाव झाले, धाकटा दोन जिंकला. तीन हरलाच. पण यावेळी हरल्यावर तो गड्डी उलटी करून पाहत होता, कुठे चुकलो म्हणून. रडला नाही.

मला मात्र त्या ८१ आणि ६५ ने बरेच दिवस झोप लागू दिली नाही. गेल्या वर्षी याचे मराठीचे गुण कमी आले, तेव्हा मी त्याचा संध्याकाळचा उर्दू वाचनाचा तास बंद करून तिथे मराठीचे शुद्धलेखन बसवले होते. उर्दू गोष्टी तो घरभर वाचून दाखवायचा, ते थांबले. मराठीही फारशी सुधारली नाही. मी त्याच्या बारातल्या चार एनर्जी काढून घेतल्या होत्या, आणि हे मी, वीस वर्षे दोन्ही भाषा शिकवणारी बाई.

आता तास परत सुरू केला आहे. आधी तो उर्दूतली गोष्ट वाचतो, मग तीच मला मराठीत सांगतो, आणि सांगितलेले चार ओळींत लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात. परवा एका ओळीत तीन चुका निघाल्या, तर म्हणाला, "अम्मी, ही माझी पाण्याची बाजू आहे. थांब, बाकावरून येतो."