झाकलेला पत्ता

मैत्रिणींनो, मुलांशी खेळताना तुम्ही कधी मुद्दाम हरता का? मी हरत असे. 'असे' म्हणायचे कारण, माझी ही सवय गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याच मुलाने चोरी पकडावी तशी पकडली!

त्याचे झाले असे. माझे धाकटे दीर अमेरिकेत असतात. दिवाळीला आले ते पुतण्यासाठी एक भलेमोठे खोके घेऊनच. 'मेज वॉर्स' हे त्यातल्या खेळाचे नाव. दोन जादूगारांच्या द्वंद्वाचा हा खेळ ब्रायन पोप नावाच्या गृहस्थांनी रचला आणि २०१२ साली तो अमेरिकेत निघाला. खोक्यात एक पट, फासे, पत्त्यांचे जाडजूड गठ्ठे आणि फोटोंच्या अल्बमसारख्या, पानापानाला कप्पे असलेल्या दोन वह्या. मी म्हटले, "अगं बाई! हा पसारा आवरणार कोण?"

"वहिनी, आवरायचं नंतर बघू. आधी याच्याशी खेळायला कुणीतरी हवं ना!" भावोजी म्हणाले.

ह्यांना कचेरीतून वेळ नाही, धाकटी अजून पहिलीत. उरले कोण? मीच. शाळेला सुट्टी, फराळ झालेला. बसले पदर खोचून.

पट बारा मोठ्या चौकोनांचा. दोघांचे जादूगार समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत उभे. दर फेरीला थोडी थोडी जादूची शक्ती मिळते, तिला 'माना' म्हणतात. ती खर्चून मंत्र टाकायचे, आपल्या बाजूने प्राणी नाहीतर शिपाई उभे करायचे आणि समोरच्याची प्राणशक्ती संपवायची. माझ्या मुलाने घेतला रानटी श्वापदांचा स्वामी. त्याची प्राणशक्ती ३६, फेरीला माना ९. मी घेतली पुजारीण. तिची प्राणशक्ती ३२च, पण फेरीला माना १०. जखमा भरून काढण्यात ती पटाईत. म्हटले, ही आपल्यातलीच दिसते!

पण खरी गंमत त्या वहीत आहे. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत पाने पिसून वाटतात. हाती वाईट पाने आली की नशिबाला बोल लावायला आपण मोकळ्या. इथे ती सोय नाही. खेळायच्या आधीच आपले मंत्र आपण निवडून वहीत लावायचे आणि ती सगळी वही डावभर आपल्याच हाती! दर फेरीला त्यातले दोन मंत्र गुपचूप काढून ठेवायचे. वापरले नाहीत तर पुन्हा वहीत. फासे पडतात ते घाव किती बसला हे ठरवायला. मंत्र मात्र ज्याने त्याने आपल्या डोक्याने निवडलेला.

वही भरायलाही बंधन आहे. प्रत्येकाला १२० गुण. आपल्या जादूगाराच्या विद्येतला मंत्र साध्या मोलात, परक्या विद्येतला दुप्पट मोलात आणि अगदी विरुद्ध विद्येतला तिप्पट मोलात. हे वाचून मला हसूच आले. पहिल्या तारखेला वाण्याची यादी घेऊन बसणाऱ्या बाईला हे आणखी कुणी शिकवावे? ओढताण काय ती आपल्याला पाठच!

आता मुख्य गोष्ट. काही मंत्र पटावर पालथे ठेवता येतात. दोन माना देऊन पत्ता झाकून ठेवायचा आणि वेळ आली की उरलेली किंमत भरून उलटायचा. तोवर समोरच्याने नुसते अंदाज बांधायचे. माझ्याकडे असा एक पत्ता होता, 'गेंड्याची कातडी'. तो उघडला की अंगावर चिलखत चढते आणि साध्या घावांतले दोन कमी होतात. निसर्गविद्या पुजारिणीला परकी, तरी दुप्पट मोल देऊन मी तो घेतला होता. म्हटले, संसारात ही कातडी लागतेच!

पहिले दोन डाव मी खरेच हरले. तिसऱ्याला मात्र खेळ उमजला होता. डाव अगदी अटीतटीला आला. त्याच्या अस्वलाने शेवटचा हल्ला केला. माझा पत्ता पालथा होता, उघडायला माना शिल्लक होते. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. किती आतुर झाले होते पोर! मी पत्ता उघडलाच नाही. नेमका शेवटचा घाव बसला आणि पुजारीण पडली. "जिंकलो!" म्हणून त्याने घर डोक्यावर घेतले.

आवरताना त्याने माझा पत्ता उलटला आणि तो एकदम गप्प झाला. मग माझे उरलेले माना मोजले.

"आई, हा का नाही उघडलास?"

"लक्षात नाही आलं रे."

"तुझ्या? पंधरा दिवसांपूर्वी दूध किती घेतलं ते तुझ्या लक्षात असतं!" त्याचे डोळे भरून आले होते. "मला ग्रेस मार्क नकोत."

मी शाळेत शिकवते, बरं का. कृपेचे गुण मिळालेल्या मुलाचा निकालाच्या दिवशीचा चेहरा मी पाहिलेला आहे. पास तर झालेला असतो, पण पेढा द्यायला पुढे येत नाही. तेच मी माझ्या मुलाला दिले होते, आणि माया म्हणून!

त्या रात्री मला झोप लागेना. ही सवय मला लागली कुठून? लग्नानंतर ह्यांच्याशी कॅरम खेळताना राणी हाताशी असूनही मी सोडून देत असे. कुणी सांगितले नव्हते. हे जिंकले की रात्रीचे जेवण हसतखेळत व्हायचे, एवढेच. माझी आईही भावांशी पत्ते खेळताना हुकूम दाबून ठेवायची. आपण याला समजूतदारपणा म्हणत आलो. पण समोरच्याला वाटते तो जिंकला, आणि आपल्याला आतून ठाऊक असते की त्याला आपण जिंकू दिले. खरी बरोबरी कुणाचीच होत नाही. चार वर्षांच्या मुलाशी हरणे वेगळे, त्याला खेळाची गोडी लागायची असते. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला आता समोर कुणीतरी हवे आहे.

पुढच्या रविवारी मी मनापासून खेळले. वही नव्याने लावली. त्याची श्वापदे अंगावर आली तेव्हा वेळेवर गेंड्याची कातडी उघडली, जखमा भरल्या, देवदूत उभा केला आणि जिंकले! खरे सांगू? फार बरे वाटले. इतके की माझीच मला लाज वाटली.

तो काही न बोलता गॅलरीत जाऊन उभा राहिला. जेवताना एकच पोळी खाल्ली. "अगं, हरली असतीस तर काय बिघडलं असतं?" हे म्हणाले. माझाही जीव गलबलला होता, पण मी समजूत घालायला गेले नाही.

रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून आले तर हा वही उघडून बसलेला. काही पत्ते काढले होते, काही नवे घातले होते. मी डोकावले. उघडायच्या आतच झाकलेला पत्ता मोडून टाकणारा एक मंत्र आहे. तो त्याच्या जादूगाराला परक्या विद्येतला, म्हणजे दुप्पट मोलाचा. तो त्याने एक नाही, दोन घेतले होते.

"हे कशाला रे?"

"तुझ्यासाठी," मान वर न करता तो म्हणाला.

एकशेवीसांतले चार गुण त्याने खास माझ्यासाठी खर्चले होते. पाडव्याच्या ओवाळणीनेही झाला नव्हता इतका आनंद मला त्या दोन पत्त्यांनी झाला.

आता दर रविवारी आमचा डाव असतो. कधी तो जिंकतो, कधी मी. हरला की अजून पोळी एकच खातो, पण गॅलरीत जात नाही.

हा खेळ परदेशी, खर्चिक. डावाला दीड-दोन तास सहज लागतात. तोच हवा असे मुळीच नाही. घरात बुद्धिबळ असेल, कॅरम असेल, पत्त्यांचा जोड तर असतोच. मूल जाणते झाले असेल तर या रविवारी त्याच्यासमोर बसा आणि खरेखुरे खेळा. सुरुवातीला हवे तर उघडपणे सवलत द्या: "माझा वजीर मी आधीच काढून ठेवते," असे सांगून. सांगून दिलेली सवलत कुणाला लागत नाही, चोरून दिलेली लागते.

आणि मुलगा फुरंगटून बसला तर लगेच शिऱ्याची कढई चढवू नका. थोडा वेळ जाऊ द्या.